फेरफार आणि त्याचे साक्षीदार

शहरी कानाला ‘फेरफार’ हा शब्द बरा लागत नाही. हिशेबात फेरफार, पुराव्यात फेरफार, गुणपत्रिकेत फेरफार. कुठेतरी लबाडी झाली असे समजायचे. आमच्या घिवलीत, किंवा पालघर जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात, हा शब्द वेगळ्या सुरात येतो. ‘फेरफार पडला का?’, ‘मंजूर झाला का?’ असे लोक एकमेकांना सहज विचारतात. त्यात संशय नसतो, असलीच तर काळजी असते. वडील गेले, जमीन विकली, भावाभावांत वाटणी झाली, की गाव नमुना 6 मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद धरली जाते. संबंधितांना नोटीस जाते. हरकतीसाठी 15 दिवस मिळतात. हरकत आली तर प्रकरण 6अ या वादग्रस्त प्रकरणांच्या वहीत जाते. नाही आली तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि मग गाव नमुना 7 वरचे नाव बदलते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 149 आणि 150 मध्ये या रीतीचा पाया आहे. महसूल खात्याच्या इंग्रजीत या नोंदीला म्यूटेशन म्हणतात. गंमत अशी की संगणकाची आज्ञावली लिहिणारे लोकही, साठवलेली एखादी गोष्ट जागच्या जागी बदलली की, नेमका हाच शब्द वापरतात.

या शब्दसाम्याचा मला फार उपयोग झाला आहे. संगणकशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही; जे आले ते जुनी पुस्तके वाचून आणि रात्री जागून. पण गेली काही वर्षे बोईसर-तारापूर भागातली चार-सहा मुले-मुली रविवारी माझ्याकडे येतात. कुणी औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्याच्या भांडारात संगणकावर बसते, कुणी पश्चिम रेल्वेने रोज मुंबईला सॉफ्टवेअरच्या नोकरीला जाते. त्यांना आज्ञावली लिहिता येते. लिहिलेली आज्ञावली बरोबर आहे हे सिद्ध करायची वेळ आली की मात्र अडते, आणि ते एकाच ठिकाणी अडते. त्या ठिकाणाविषयी हा लेख आहे.

आज्ञावलीच्या एका तुकड्याला, म्हणजे फंक्शनला, आपण काही देतो आणि ते आपल्याला उत्तर देते. दोन आणि तीन दिले, पाच मिळाले. हे तपासायला सोपे: पाच आले का, एवढेच विचारायचे. पण बरीच फंक्शने उत्तर देता देता आणखीही काही करतात. एखादी नोंद बदलतात, फाइल लिहितात, कुणाच्या मोबाइलवर संदेश पाठवतात, छपाईयंत्र सुरू करतात, पुढच्या कामासाठी एखादी खूण ठेवून जातात. उत्तराव्यतिरिक्त जगात जे बदलते त्याला या व्यवसायात ‘साइड इफेक्ट’ म्हणतात. मराठीत याचे सरसकट ‘दुष्परिणाम’ असे भाषांतर केलेले मी पाहिले आहे, आणि ते मला मान्य नाही. औषधाच्या बाबतीत तो शब्द ठीक आहे. आज्ञावलीत मात्र पुष्कळदा हा बाजूचा परिणाम हेच खरे काम असते. फेरफार मंजूर करणाऱ्या फंक्शनने ‘यशस्वी’ असे उत्तर दिले, तर त्या उत्तराला किंमत ती काय? सातबाऱ्यावर नाव चढले की नाही, हा प्रश्न आहे. म्हणून मी ‘आनुषंगिक परिणाम’ म्हणतो. शब्द जरा लांब आहे, पण खोटा नाही.

तपासणीसाठी जे वाक्य लिहितात त्याला ‘असर्शन’ म्हणतात. मी त्याला ठाम विधान म्हणतो: या क्षणी अमुक गोष्ट खरी असलीच पाहिजे, नसेल तर काम थांबव आणि ओरड. ही कल्पना संगणकाइतकीच जुनी आहे. 24 जून 1949 रोजी केंब्रिज येथील परिषदेत ॲलन ट्यूरिंग यांनी मोठी आज्ञावली कशी तपासावी यावर एक छोटा निबंध वाचला. त्यांनी घेतलेला दाखला आपल्या शाळेतल्या बेरजेचा आहे. पाच-सहा मोठ्या संख्यांची बेरीज मांडली आणि खाली नुसते उत्तर लिहिले, तर तपासणाऱ्याला सगळी बेरीज पुन्हा करावी लागते. पण प्रत्येक रकान्याचा हातचा लिहून ठेवला असेल, तर प्रत्येक रकाना स्वतंत्रपणे तपासता येतो. लिहिणाऱ्याने जागोजागी अशी तपासता येणारी विधाने ठेवावीत, म्हणजे तपासणाऱ्याचे ओझे हलके होते, असे त्यांचे म्हणणे. हातचा मांडायला लावणारे आपले जुने गुरुजी या विषयात अडाणी नव्हते, असे मला तो निबंध वाचल्यापासून वाटते.

पुढे 1969 साली टोनी होअर यांनी याला गणिताची शिस्त दिली. त्यांची मांडणी तीन भागांची: आधी काय खरे आहे, मग कोणती आज्ञा चालली, आणि नंतर काय खरे असेल. तो निबंध ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या मासिकाच्या ऑक्टोबर 1969 च्या अंकात आला. त्याच महिन्याच्या 28 तारखेला आमच्या शेजारच्या तारापूर अणुवीज केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांनी व्यावसायिक वीजनिर्मिती सुरू केली. दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण मला हा योग लक्षात ठेवायला आवडतो. होअर यांच्या त्या निबंधात एक प्रामाणिक कबुलीही आहे: राशींची किंमत काढताना कोणताही आनुषंगिक परिणाम होत नाही असे आपण गृहीत धरले आहे, असे ते सांगतात. म्हणजे ज्या ठिकाणी माझी मुले अडतात, ते ठिकाण या विषयाच्या आद्य निबंधानेही बाजूला ठेवले होते.

आता प्रत्यक्ष काम पाहू. शिकवण्यासाठी मी एक छोटी आज्ञावली लिहिली आहे. तिच्यात एका कल्पित गावाचे नमुने 6, 7 आणि 8अ आहेत. शासनाच्या ई-फेरफार प्रणालीशी तिचा संबंध नाही. सरावाची वही समजा. समजा, गट क्रमांक 112 चे क्षेत्र 40 आर आहे आणि ते एकाच्या नावे आहे. त्याने त्यातले 10 आर शेजारणीला विकले. फेरफार क्रमांक 1547 ने नोंद धरली, मुदत संपली, आता मंजुरी द्यायची. नवशिक्याची पहिली तपासणी हमखास अशी असते:

उत्तर = फेरफार_मंजूर_कर(1547)
ठाम: उत्तर ‘यशस्वी’ आहे

ही तपासणी पास होते. पण फंक्शनच्या पोटातल्या सगळ्या ओळी पुसून फक्त ‘यशस्वी’ म्हणणारी एक ओळ ठेवली, तरीही ती पास होईल. काम झाले का, असे काम करणाऱ्यालाच विचारून त्याच्या ‘हो’वर विसंबण्यासारखे हे आहे. म्हणून पुढची पायरी: मंजुरीनंतर गट 112 चा नमुना 7 उघडायचा आणि नाव पाहायचे. यातही एक खोच आहे. ज्या कागदावर फंक्शनने आत्ता लिहिले तोच कागद त्याच्या हातून घेऊन पाहिला तर काही सिद्ध होत नाही. संगणक साठवणीत लिहिण्याआधी मजकूर स्मृतीत धरून ठेवतो. स्मृतीतली प्रत बरोबर असते आणि साठवणीत काहीच पोचलेले नसते, असे होऊ शकते. तेव्हा दार बंद करून पुन्हा उघडायचे, नव्या जोडणीने, दुसऱ्या वाटेने नोंद वाचायची. साक्षीदार वेगळा हवा.

त्यानंतरची पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. नुसते ‘नंतर’ पाहून भागत नाही, ‘आधी’ही पाहावे लागते. शेजारणीचे नाव नमुन्यावर आहे हे खरे, पण ते मंजुरीमुळे आले की सरावाची माहिती भरतानाच कुणी घालून ठेवले होते? म्हणून:

आधी = सातबारा(112)
ठाम: आधीमध्ये शेजारणीचे नाव नाही
फेरफार_मंजूर_कर(1547)
नंतर = सातबारा(112), नव्याने वाचून
ठाम: शेजारणीचे क्षेत्र 10 आर
ठाम: मूळ मालकाचे क्षेत्र 30 आर
ठाम: आधीची एकूण बेरीज = नंतरची एकूण बेरीज

शेवटची ओळ पाहा. नावे बदलली, हिस्से बदलले, पण 40 आरचे 41 आर होता कामा नयेत. काय बदलावे यासोबत काय बदलू नये हेही लिहावे लागते. जुन्या महसुली व्यवस्थेला हे चांगले ठाऊक होते. गाव नमुना 1, म्हणजे आकारबंद, गावातल्या जमिनींचे क्षेत्र आणि आकार धरून बसलेला असतो, आणि सातबाऱ्याचा मेळ त्याच्याशी बसावा लागतो. हाताने लिहिलेल्या सातबाऱ्यावर गेलेल्या माणसाचे नाव खोडत नसत. त्याला कंस करत आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक वर्तुळात लिहीत. त्यामुळे शंका आली तर कागदावरून वहीकडे आणि वहीवरून कागदाकडे जाता येई. नमुना 7 म्हणजे आजची स्थिती, नमुना 6 म्हणजे ती स्थिती कशी झाली याची क्रमवार हकिगत. पहिल्या फेरफारापासून सगळे फेरफार पुन्हा चालवले तर आजचा सातबारा मिळाला पाहिजे, हेही एक ठाम विधानच आहे, आणि माझ्या सरावाच्या आज्ञावलीत मी ते घातले आहे.

हे मी अशा जागी बसून लिहितो आहे, जिथे सातबाऱ्यावरचे नाव ही पुस्तकी गोष्ट नाही. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीसाठी आमच्या शेजारची अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे हलवली गेली. जमीन जाते तेव्हा मोबदल्याची नोटीस कागदावर ज्याचे नाव असेल त्याला येते; कसणाऱ्याचे नाव चढायचे राहिले असेल तर त्याला आधी तेच सिद्ध करत बसावे लागते. ‘यशस्वी’ हे उत्तर आणि कागदावरचा बदल यांच्यामधल्या फटीत माणूस अडकतो.

‘काय बदलू नये’ या यादीला मात्र अंत नाही. गट 112 चा फेरफार मंजूर केल्यावर 113 बदलू नये, 114 बदलू नये, पलीकडच्या गावातले काही बदलू नये, कालचा पीकपेरा बदलू नये. किती लिहिणार? जॉन मॅकार्थी आणि पॅट्रिक हेज यांनी 1969 मध्येच या अडचणीला नाव दिले. तिला ‘फ्रेम प्रॉब्लेम’ म्हणतात, आपण चौकटीचा प्रश्न म्हणू. त्यांचे उदाहरण साधे होते. एका माणसाकडे टेलिफोन आहे. त्याने टेलिफोनच्या पुस्तकात दुसऱ्याचा क्रमांक शोधला. आता तो फोन करू शकेल का? आपण म्हणू, का नाही? पण काटेकोर तर्काने चालणाऱ्या यंत्राला आधी सांगावे लागते की पुस्तक चाळल्याने घरातला टेलिफोन नाहीसा होत नाही. माणसाला जे न सांगता कळते ते सारे यंत्रापुढे मांडावे लागते.

व्यवहारात यावर एक तोड आहे. एकेका गोष्टीविषयी विधान लिहिण्याऐवजी सगळ्या दप्तराचे आधीचे आणि नंतरचे चित्र घ्यायचे, दोहोंतला फरक काढायचा, आणि ठामपणे म्हणायचे की फरक एवढाच आहे: 112 चा नमुना 7, दोन खातेदारांचे 8अ, फेरफार 1547 चा शेरा. याहून एक ओळही जास्त नको. छोट्या दप्तरावर हे जमते. मोठ्या दप्तरावर सगळे चित्र घेणे परवडत नाही. तिथे शेजारचे दोन-चार गट आणि मुद्दाम निवडलेला एखादा दूरचा गट घ्यावा लागतो. कोणते निवडायचे हे अनुभवाचे काम आहे. माझा आग्रह असतो की, जिथे नुकसान झाले तर भरून येणार नाही, ते आधी निवडावे.

तारापूरला याचा एक मोठा नमुना डोळ्यांसमोर आहे. अणुवीज केंद्राचे उत्तर म्हणजे वीज. ती तारेवर मोजता येते. पण भाभा अणु संशोधन केंद्राची पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा इथे वीजनिर्मिती सुरू होण्याआधीच कामाला लागली होती. समुद्राचे पाणी, गाळ, मासे, दूध, भाजी यांचे नमुने केंद्र चालू होण्यापूर्वी घ्यायचे, कारण नंतर घेतलेल्या आकड्याला आधीच्या आकड्याशिवाय अर्थ नसतो. आमच्या ‘आधी =’ या ओळीचेच ते मोठे रूप. मासेमारीवर जगणाऱ्या किनाऱ्याला या ओळीचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

मोजायचे कुठे, हा प्रश्नही इथून शिकण्यासारखा आहे. समुद्राचे पाणी घेऊन यंत्रे थंड करणाऱ्या औष्णिक वीजकेंद्रांसाठी (कोळशावरचे असे एक केंद्र आमच्या उत्तरेला डहाणूत आहे) केंद्र सरकारच्या पर्यावरण नियमांत दोन वेगळ्या कसोट्या आहेत. जुन्या केंद्रांसाठी कसोटी अशी की, कंडेन्सरमध्ये शिरणाऱ्या आणि त्यातून निघणाऱ्या पाण्याच्या तापमानात 10 अंशांपेक्षा जास्त वाढ नको. 1 जून 1999 नंतर सुरू होणाऱ्या किनारी केंद्रांसाठी कसोटी अशी की, ज्या पाण्यात ते सोडले जाते त्या पाण्याचे तापमान 7 अंशांपेक्षा जास्त वाढू नये. वाचकांनी आकड्यांपेक्षा जागेकडे पाहावे. पहिली कसोटी यंत्राच्या तोंडाशी उभी आहे, दुसरी समुद्रात. पहिली विचारते, यंत्राने काय बाहेर टाकले. दुसरी विचारते, जगाचे काय झाले. आज्ञावलीतही असेच दोन पक्ष आहेत. ‘नोंद लिहिण्याची आज्ञा दिली गेली का’ हे तपासणारी कसोटी यंत्राच्या तोंडाशी असते. ‘नोंद बदलली का’ हे तपासणारी समुद्रात. जमेल तिथे मी दुसरी घेतो.

जमेल तिथे, असे म्हणालो, कारण कधी कधी समुद्रात जाताच येत नाही. फेरफाराची नोटीस मोबाइल संदेशाने पाठवायची असेल तर प्रत्येक तपासणीला खऱ्या माणसाच्या फोनवर संदेश धाडून चालणार नाही. अशा वेळी खऱ्या टपालवाल्याच्या जागी खोटा उभा करतात. तो पत्र पोचवत नाही, फक्त आपल्या वहीत टिपून ठेवतो: कुणाला, काय, किती वेळा. मग आपण त्याची वही तपासतो. टिम मॅकिनन, स्टीव्ह फ्रीमन आणि फिलिप क्रेग यांनी 2000 साली ही रीत ‘मॉक ऑब्जेक्ट’ या नावाने मांडली. जेरार्ड मेझारोस यांनी 2007 च्या आपल्या ग्रंथात अशा सगळ्या तोतयांना मिळून ‘टेस्ट डबल’ म्हटले. हा शब्द त्यांनी सिनेमातल्या स्टंट डबलवरून घेतला, म्हणजे आपल्याकडचा डुप्लिकेट. नायकाऐवजी तो उडी मारतो.

खोटा टपालवाला फार उपयोगी आहे आणि फार धोकादायकही. एकदा त्याची चटक लागली की मुले सगळ्याच गोष्टींना डुप्लिकेट उभे करतात, आणि मग तपासणी अशी होते: आधी हे फंक्शन बोलावले गेले, मग ते, मग तिसरे. असल्या तपासण्या मला आवडत नाहीत. कामाची आतली मांडणी जरा बदलली, परिणाम तोच राहिला, तरी त्या कोसळतात; आणि परिणाम चुकला पण क्रम तोच राहिला तर पास होतात. नोटीस एकदाच गेली का, योग्य व्यक्तीला गेली का, आणि फेरफार नामंजूर झाला तेव्हा मंजुरीची नोटीस गेली नाही ना, या तीन प्रश्नांसाठी खोटा टपालवाला ठेवावा. त्याला घरचा कारभारी करू नये.

‘एकदाच’ या शब्दावर थोडे थांबावे लागेल. मंजुरीचे बटण दाबले, उत्तर यायला उशीर लागला, कारकुनाने पुन्हा दाबले. शेजारणीच्या नावे 10 आर झाले की 20? तेव्हा फंक्शन दोनदा चालवून पाहायचे, आणि दुसऱ्या वेळी काहीही बदलले नाही असे ठाम म्हणायचे. तसेच, अर्ध्यावर वीज गेली तर? आमच्याकडे पावसाळ्यात हा प्रश्न काल्पनिक नसतो. नमुना 7 बदलला आणि 8अ बदलण्याआधी सगळे थांबले, तर जमीन एका कागदावर एकाची आणि दुसऱ्या कागदावर दुसऱ्याची होते. म्हणून तपासणीत मुद्दाम मध्येच बिघाड घडवून आणायचा, आणि मग पाहायचे की सगळे जसेच्या तसे मागे गेले आहे. पूर्ण बदल किंवा शून्य बदल. अधलेमधले काही नाही. अपयशाच्या वाटेवरचे आनुषंगिक परिणाम तपासायला बहुतेक जण विसरतात, कारण यशाची वाट लिहिण्यातच दमछाक झालेली असते.

आणि दोनदाही पुरत नाही अशी एक गोष्ट घडून गेली आहे. ती मी प्रत्येक नव्या मुलाला सांगतो. थेरॅक-25 हे कर्करोगावर किरणोपचार करणारे, संगणकाने चालणारे यंत्र. ते बनवले अ‍ॅटॉमिक एनर्जी ऑफ कॅनडा लिमिटेडने. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्ट्या जड पाण्याच्या ज्या घराण्यातल्या आहेत, त्या घराण्याची कॅनडातली शाखा याच संस्थेने वाढवली. जून 1985 ते जानेवारी 1987 या काळात या यंत्राने सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर मारा दिला, आणि त्यांतले काही दगावले. नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी 1993 मध्ये याचा सविस्तर शोध प्रसिद्ध केला. त्यातला शेवटचा अपघात आपल्या विषयाचा आहे. तो 17 जानेवारी 1987 रोजी अमेरिकेतल्या याकिमा या गावी झाला.

यंत्राच्या तयारीची एक फेरी सतत चालू असे. प्रत्येक फेरीत एका छोट्या रकान्यात खूण ठेवली जाई. रकान्यात शून्य नसेल तर यंत्राचा पुढचा भाग जागेवर आहे का हे तपासायचे. शून्य असेल तर तपासायची गरज नाही. खूण ठेवायला लिहिणाऱ्याने काय केले? रकान्यातल्या संख्येत दर फेरीला एक मिळवला. पण रकाना एका बाइटचा होता, त्यात 255 पर्यंतच संख्या मावते. 256 व्या फेरीला तो पुन्हा शून्यावर येई. नेमक्या त्या क्षणी चालकाने बटण दाबले तर तपासणी टळे, आणि भाग जागेवर नसतानाही पूर्ण शक्तीचा झोत सुटे. नंतरची दुरुस्ती एका ओळीची होती: एक मिळवू नका, शून्य नसलेली ठरावीक संख्या ठेवा.

या फेरीचा आनुषंगिक परिणाम म्हणजे ती खूण. फंक्शन एकदा चालवून ‘रकान्यात शून्य नाही’ असे ठाम विधान केले असते तर ते पास झाले असते. दोनदा, दहादा, दोनशेदा चालवले असते तरी पास झाले असते. मी मुलांना तो रकाना कागदावर काढून देतो आणि विचारतो, तपासणी कशी लिहाल? मागच्या वर्षी एका मुलीने उत्तर दिले, ‘काका, तीनशे वेळा चालवू आणि दर वेळी विचारू.’ दर वेळी विचारू, हे त्यातले मोलाचे. शेवटी एकदाच विचारले तर रकान्यात 44 दिसले असते आणि सगळे ठीक वाटले असते.

तपासणीलाही आनुषंगिक परिणाम असतात, हे मात्र शिकवणारे सहसा सांगत नाहीत. एका तपासणीने गट 112 विकला आणि दप्तर तसेच सोडले, तर दुसरी तपासणी विकलेल्या जमिनीवर सुरू होते. मग तपासण्या एका क्रमाने पास होतात, दुसऱ्या क्रमाने नापास. प्रत्येक तपासणीने आपले दप्तर आपण मांडावे आणि जाताना आवरावे. शंका असेल तर क्रम उलटा करून चालवून पाहावे. दुसरे, ठाम विधानाच्या पोटात काम करून घेऊ नये. ‘ठाम: फेरफार_मंजूर_कर(1547) यशस्वी आहे’ असे एकाच ओळीत लिहायचा मोह होतो. पण पायथन भाषेत एका विशिष्ट पद्धतीने आज्ञावली चालवली की तिच्यातली ठाम विधाने गाळली जातात. सी भाषेतही ती एका खुणेने गाळता येतात. विधान गेले की त्याच्या पोटातली मंजुरीही गेली. नमुना तपासणाऱ्याने मासा तपासावा. जाळे ओढायचे काम त्याने त्याच हाताने करू नये.

इतके सगळे लिहिल्यावर आपली ठाम विधाने खरोखर जागी आहेत की झोपली आहेत, हे कसे कळणार? यावर रिचर्ड डीमिलो, रिचर्ड लिप्टन आणि फ्रेडरिक सेवर्ड यांनी 1978 मध्ये एक उपाय मांडला. चांगल्या आज्ञावलीत मुद्दाम एक बारीक खोट घालायची, अधिकच्या जागी उणे, किंवा एखादी ओळच गायब, आणि तपासण्या पुन्हा चालवायच्या. एखादी तपासणी ओरडली तर ठीक. सगळ्या पास झाल्या तर त्या जागेवर साक्षीदार नाही. या रीतीचे इंग्रजी नाव ‘म्यूटेशन टेस्टिंग’, म्हणजे शब्दशः फेरफार-चाचणी. इथे मात्र हा फेरफार शहरी अर्थाचा.

रविवारी आमचा हाच खेळ चालतो. एकाने तपासण्या लिहायच्या, दुसऱ्याने त्याच्या पाठीमागे मूळ आज्ञावलीत एक ओळ बिघडवायची. 7 वरचे नाव बदलणारी ओळ काढली की लगेच बोंब होते. क्षेत्राची वजाबाकी उलटी केली की बेरजेचे विधान पकडते. विकणाऱ्याचा 8अ बदलणारी ओळ काढली की मात्र नव्या मुलांच्या तपासण्या बहुधा गप्प राहतात, कारण सगळ्यांचे डोळे घेणाऱ्याकडे असतात. मग त्या दिवसाचे काम ठरते: विकणाऱ्याच्या खात्यासाठी एक ‘आधी’, एक ‘नंतर’ आणि मध्ये 10 आरचा फरक.